मागच्या सीटचा ठराव

मोटारसायकल कोणती घ्यावी, हा प्रश्न मी अख्ख्या तेलगावात एकाच माणसाला विचारला होता, आणि तोही हळू आवाजात. चूक एवढीच झाली, की तो माणूस सोसायटीचा चेअरमन होता.

बद्रीनाथ माझा शेजारी. आमची भिंतीला भिंत आहे आणि तिच्यावरून साखरेच्या वाटीपासून वर्तमानपत्रापर्यंत सगळं इकडून तिकडे जातं. गेली चौदा वर्षं तो विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटीचा चेअरमन आहे आणि त्याचा परिणाम माणसाच्या स्वभावावर होतोच. घरात भाजी कोणती करायची, यालासुद्धा त्याला सूचक आणि अनुमोदक लागतो. सूचक तो स्वतः असतो, अनुमोदन कुणी देत नाही, आणि वहिनींच्या मनातली भाजी एकमताने मंजूर होते.

"बद्रीनाथ," मी म्हणालो, "त्या पाय पुढं सोडून आरामात बसायच्या गाड्या असतात ना, क्रूझर म्हणतात त्यांना. त्यातली कोणती बरी? थंडरबर्ड का अव्हेंजर?"

"कावून बे? ह्या वयात?"

"सहज."

"सहज कोन इचारतं, मोहनराव? सहज मानूस पानी मागतं, आन् यंदा तर तेबी कोन सहज मागत न्हाई." त्याने भिंतीवर दोन बोटं वाजवली. "बगू. ऐनवेळचा विषय म्हणून घेऊ."

मला वाटलं, थट्टा करतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालणाऱ्या बाईने माप ओतता ओतता विचारलं, "मंग, कोनती घेताय?"

आता त्या साली गाव कुठे होतं ते सांगायला हवं. एकोणीस सालचा दुष्काळ. गाव गावात नव्हतंच, गाव छावणीत होतं. गावाबाहेरच्या तलावाचं तळ उघडं पडलं होतं आणि त्याच तळात बद्रीनाथच्या सोसायटीने जनावरांची चारा छावणी काढली होती. ज्या कारखान्याच्या शेतकी खात्यात मी बत्तीस वर्षं काढली, त्याचा बॉयलर त्या हंगामात पेटला नाही. जो काही ऊस उभा होता तो छावणीत आला. आयुष्यभर मी ज्याच्या लागणीच्या नोंदी केल्या तो ऊस म्हशी चघळताना बघून मी मान फिरवायचो. मग म्हशीच्या तोंडाकडे बघितलं की बरंही वाटायचं. निदान कुणीतरी तो गोड मानून खात होतं.

जनावर छावणीत म्हटल्यावर त्याचा धनीही छावणीत. खाटा तिथे, जेवण तिथे, पत्ते तिथे. कामाला शेत नाही, शेताला पाणी नाही, पाण्याचा टँकर कधी येईल याचा भरवसा नाही. शिवाय त्याच साली सोसायटीची निवडणूक बिनविरोध झाली होती. आमच्याकडे दुष्काळ लोक सोसतात, पण बिनविरोध निवडणूक अंगावर येते. मतदानाची भूक तशीच राहून गेली होती, आणि तिच्यापुढे नेमकी माझी मोटारसायकल आली.

मला क्रूझर का हवी होती, हे मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं. इथे सांगतो.

त्या दुष्काळाच्या एकोणीस वर्षं आधी मी आणि माझी बायको, सत्यभामा, तिच्या माहेराहून, धर्मापुरीहून, राजदूत मोटारसायकलवर परत येत होतो. वाटेत एक ओढा लागतो. त्यात तेव्हा पोटरीभर पाणी आणि खाली वाळू. अशा ठिकाणी मागच्या माणसाने उतरायचं, पुढच्याने गाडी रेटत पलीकडे न्यायची आणि मागच्याने पाण्यातून चालत येऊन पुन्हा बसायचं, अशी रीत आहे. सत्यभामा उतरली. मी गाडी पलीकडे काढली. आणि तसाच पुढे गेलो.

त्या दिवशी माझ्या डोक्यात उसाची एक नवी जात होती. कारखान्याने तिचं बेणं नुकतंच आणलं होतं. तिचा उतारा किती, फुटवे किती, तुरा कधी येतो, हे सगळं मी मागे वळून न बघता सत्यभामेला सांगत होतो. मध्ये दोनदा विचारलंसुद्धा, "बरोबर ना?" उत्तर आलं नाही, तेव्हा पटलं असावं असं मी समजलो. अकरा किलोमीटरवर एका टपरीपाशी चहाला थांबलो आणि दोन चहा सांगितले.

परत गेलो तेव्हा ती ओढ्याच्या काठी एका दगडावर बसली होती. रडत नव्हती, रागावलेलीही दिसत नव्हती. "आठवण झाली व्हय?" एवढंच म्हणाली. ती गाडीवर बसली नाही. तीन किलोमीटर फाट्यापर्यंत चालत गेली. तिच्या शेजारून मी राजदूत पहिल्या गिअरमध्ये चालवत, माफी मागत. फाट्यावर तिने एसटी धरली.

त्यानंतर ती कुणाच्याच मोटारसायकलवर बसली नाही. मला बढतीबरोबर कारखान्याची जीप मिळाली, राजदूत विकली, विषय मिटला असं मला वाटलं. मिटला नव्हता. एकदाच, भावकीतल्या एका लग्नाहून येताना, ती जीपमध्ये आपणहून म्हणाली, "पडले आसते तर गोष्ट येगळी. पडलेलं मानूस वरडतं तरी. मी नुसतीच नव्हते. आन् तुमाला कळलं न्हाई."

निवृत्त झालो, जीप गेली, आणि रोज सकाळी मोकळ्या वेळात हे वाक्य समोर येऊन बसायला लागलं. तिचे गुडघे आता दुखतात, उंच सीटवर तिला चढता येणार नाही. म्हणून क्रूझर. सीट खाली, मागे पाठ टेकायला आधार, बाजूला साडी अडकू नये म्हणून जाळी. तिला एकदा सन्मानाने मागे बसवायचं आणि धर्मापुरीला जाऊन तिच्यासकट परत यायचं, एवढाच माझा कार्यक्रम होता.

बंकटच्या गॅरेजवर दोन्ही गाड्या उभ्या होत्या. बंकट जुन्या गाड्या घेतो, पुसतो आणि विकतो. थंडरबर्ड काळी, अव्हेंजर लाल.

"दोनी डाक्टरच्या हायत," बंकट म्हणाला. "दवाखाना ते घर, घर ते दवाखाना. तिसरा रस्ता म्हाईत न्हाई गाडीला."

मी गेली चाळीस वर्षं बघतोय, जिल्ह्यातली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरची असते. इतक्या गाड्या बदलणारे डॉक्टर पेशंट कधी बघतात, हे मला कोडंच आहे. पण गाड्या खरंच चांगल्या होत्या. थंडरबर्ड चालू केली की धडधड अशी छातीत उतरायची. अव्हेंजर चालू आहे का नाही हे बघायला मी दोनदा वाकलो. माझं मन तिथेच ठरलं. मागच्या वेळी राजदूतच्या आवाजात मला काही कळलं नव्हतं. या वेळी मला मागचं ऐकू आलं पाहिजे. ती "थांबा" म्हणाली, नुसती खोकली, किंवा मुळीच नसली, तरी कळलं पाहिजे. अव्हेंजर.

पण विषय आता माझा राहिलाच नव्हता. संध्याकाळी छावणीच्या मंडपात बद्रीनाथने बैठक लावली होती. मी केवळ निमंत्रित होतो. बघता बघता दोन पॅनल पडली. एक 'आवाज पॅनल', ते थंडरबर्डवाले. दुसरं 'आराम पॅनल', ते अव्हेंजरवाले. सीटची उंची, साडीची जाळी, यांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. आवाज पॅनलचा मुद्दा एकच, माणूस आला हे गावाला समजलं पाहिजे. आराम पॅनलने त्याला उत्तर म्हणून पाण्याचा प्रश्न काढला. दोन्ही अंगांना मिळून पाण्याचे किती कॅन बसतील? त्या साली आमच्याकडे कोणत्याही गाडीची किंमत कॅनवरच व्हायची. एकाने तर दहा कॅन आणून बंकटच्या दोन्ही गाड्यांना बांधूनही बघितले. चार-चारच बसले. मग प्रश्न तत्त्वाचा झाला.

हात वर करून मतदान झालं. सदतीस विरुद्ध सदतीस. मी हात वर केला तेव्हा बद्रीनाथ म्हणाला, "तुमी खाली करा, मोहनराव. तुमी लाभार्थी हाय."

"अरे, गाडी मला घ्यायचीय!"

"म्हनूनच."

निर्णायक मत चेअरमनचं. पण बद्रीनाथ चौदा वर्षं चेअरमन का आहे, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्याने मत दिलंच नाही. दोन दिवस चाचणी घेऊन अहवाल सादर करावा, असा ठराव केला आणि अहवाल माझ्याकडेच मागितला.

पहिल्या दिवशी थंडरबर्ड. सकाळी साडेआठला घरून निघालो, बाजारातून गेलो, तलावाला वळसा घातला, तळात उतरून छावणीभोवती दोन फेऱ्या मारल्या. पाय पुढे सोडून, छाती वर काढून. बत्तीस वर्षांच्या चिखलातल्या नोकरीनंतर हा थाट माझ्या वाट्याला आला होता, आणि मी तो पुरेपूर घेतला. आवाज पॅनलने टाळ्या वाजवल्या. घरी आलो तर ओट्यावर चहा तयार, अगदी नुकता गाळलेला, वाफ निघणारा. मी म्हणालो, "वा, वेळेवर!" आणि पिऊन टाकला. चहा इतका वेळेवर कसा, हे काही मी विचारलं नाही. उसाच्या जाती ओळखण्यात मी हुशार होतो, एवढंच.

दुसऱ्या दिवशी अव्हेंजर. लोण्यासारखी चालली. छावणीत शिरलो तरी कुणी मान वर केली नाही. चतुराबाईंची काशी नावाची म्हैस वाटेत पाठमोरी उभी होती. चतुराबाई म्हणजे आमच्याकडच्या मेंढपाळ घरातली म्हातारी. मेंढरं घेऊन मुलगा घाटाखाली गेलेला, म्हातारीजवळ ही एक म्हैस राहिलेली, आणि तिच्यावर म्हातारीचा जीव. मी काशीच्या अगदी मागे गेलो तरी तिला पत्ता नाही. म्हणून हॉर्न वाजवला.

काशी जागच्या जागी वीतभर उडाली. खुंटा उपटला, दोन गव्हाणी पाडल्या आणि बाभळींच्या गर्दीत दिसेनाशी झाली.

"अरं, मागून आसं चोरावानी येत आस्त्यात का?" चतुराबाई ओरडल्या. "जरा आवाज तरी करावा मानसानं! तिला कळलं आसतं, ती सरकली आसती!"

माझ्या नशिबाने त्याच वेळी तपासणी पथक आलं. छावणीचा नियम असा, की पथक आलं की दार बंद. जनावरांची मोजणी जुळेपर्यंत आतलं बाहेर नाही आणि बाहेरचं आत नाही, मग ते जनावर असो, गाडी असो, नाहीतर शेतकी खात्यातला निवृत्त माणूस. मोजणी झाली. एक जनावर कमी. पुन्हा मोजणी झाली. तरी एक कमी. बद्रीनाथचा चेहरा उतरला. एका म्हशीमुळे छावणीवर शेरा बसला असता तर त्याची झोप उडाली असती, आणि इथे मात्र त्याला ठराव करून काही उपयोग नव्हता.

"म्हैस हाय हो साहेब," तो काकुळतीने म्हणाला. "आत्ताच होती. ह्या मोहनरावांनी पळवली."

'पळवली' हा शब्द सरकारी माणसासमोर कसा ऐकू येतो, ते त्याच्या नंतर लक्षात आलं. साहेबांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नाव विचारलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावर कधी साधा मेमो निघाला नव्हता. आता मी म्हैस पळवणारा इसम म्हणून, लाल गाडीसह, गवताच्या पेंढीवर बसून होतो. फोन घरच्या सदऱ्यात राहिला होता. दहा वाजले, अकरा वाजले, साडेअकरा झाले. पथकाची दोन माणसं बाभळीत जाऊन काटे घेऊन परत आली.

बाराच्या सुमाराला दाराशी गलका झाला. डोक्यावर ओला टॉवेल, एका हातात माझा फोन आणि दुसऱ्या हातात काशीचा कासरा, अशी सत्यभामा उभी होती. दीड किलोमीटर, त्या उन्हात, त्या गुडघ्यांनी चालत आली होती. काशी तिच्यामागे गरीब गाईसारखी.

"ही तळ्याच्या बांधाला सापडली," ती दारावरच्या माणसाला म्हणाली. "एक घावलं. दुसरं आत हाय का?"

दार उघडलं. मोजणी जुळली. बद्रीनाथने सत्यभामेला हात जोडले. चतुराबाईंनी काशीच्या गळ्यात पडून तिला चार शिव्या दिल्या. सत्यभामा सरळ माझ्यापाशी आली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"कुठं होता तुमी?"

"इथंच. मोजणी..."

"काल मला सगळं कळत होतं. बाजारात गेलात, तळ्याला वळलात, खाली उतरलात, माघारी फिरलात. मी आधण ठेवलं, तुमी दारात. आज गाडी निघाली आन् पुढं कायच न्हाई. नऊ वाजले, कायच न्हाई. धा वाजले, कायच न्हाई. म्हनलं, कुठं पडला आसाल कोपऱ्यात. आवाज न्हाई, काय न्हाई, मानसानं कसं समजावं?"

ती दोन-अडीच तास दाराशी उभी राहून एका न येणाऱ्या आवाजाची वाट बघत होती, आणि मी पेंढीवर बसून माझ्या अब्रूची काळजी करत होतो. मला जेवढी लाज वाटली, तेवढी पथकासमोरही वाटली नव्हती.

बद्रीनाथला अहवालाची आठवण झाली. "ताई, आता तुमीच सांगा. गाडी कोनती?"

"तिलाच इचारायचं व्हतं की आदी," चतुराबाई म्हणाल्या. "मागं बसनार कोन? तुमी चौऱ्याहत्तर जन?"

सत्यभामेने टॉवेल डोक्यावरून काढून झटकला. "मी न्हाई बसनार कशावरच," ती म्हणाली. "पन घ्यायचीच तर आवाजाची घ्या."

आवाज पॅनल जिंकलं. गुलालाची सोय नव्हती, म्हणून त्यांनी पेंड उधळली. मी थंडरबर्ड घेतली. मनातून मात्र हरलो होतो. कारण पहिलं वाक्य मी नीट ऐकलं होतं.

पुढे लायसन. माझं लायसन संपून आठ वर्षं झाली होती; कारखान्याची जीप कधी कुणी अडवलीच नव्हती. बंकटने हे गाडी दिल्यावर सांगितलं. नव्याने काढायचं म्हणजे आधी शिकाऊ, मग पक्कं. चाळिशीच्या वरच्या माणसाला डॉक्टरचा दाखला लागतो. डॉक्टरांनी डोळे तपासले, दाब बघितला आणि "हे कशासाठी करताय?" असं विचारलं. हा प्रश्न त्या अर्जात नव्हता. मग गाडीच्या पुढे-मागे लाल अक्षरात शिकाऊची पाटी लावून, ज्या रस्त्यांवर मी तीन पिढ्यांचा ऊस नोंदवला त्या रस्त्यांवर मी गाडी शिकू लागलो. ज्यांच्या आजोबांना मी बेणं दिलं होतं ते मला ओलांडून जाताना, "दमानं, काका" म्हणू लागले.

त्यात एक कलम असं, की शिकाऊ माणसाने मागे कुणाला बसवायचं नाही. हे मी सत्यभामेला मुद्दाम वाचून दाखवलं. तिला थोडं तरी वाईट वाटेल अशी माझी आशा होती.

"बरं झालं," ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "सरकारला बी म्हाईत हाय तर."

पक्क्या लायसनची परीक्षा म्हणजे जमिनीवर इंग्रजी आठचा आकडा काढायचा, पाय न टेकवता. क्रूझर लांब असते, आठ लहान असतो. आरटीओच्या पहिल्या कॅम्पला मी पाय टेकवला. माझ्या मुलापेक्षा लहान असलेले साहेब अदबीने म्हणाले, "पुढच्या महिन्यात या, काका." तो महिना मी छावणीत काढला. चतुराबाईंनी दोन गव्हाणी अंतरावर मांडून दिल्या आणि मी त्यांच्याभोवती रोज सकाळी आठ काढू लागलो. थंडरबर्डचा आवाज आला की काशी आपणहून बाजूला सरकायची. दोन्ही पॅनल एक होऊन पायाकडे बघत बसायची. मला लायसन मिळालं तेव्हा बद्रीनाथने अभिनंदनाचा ठराव मांडला, आणि या वेळी अनुमोदनाला सगळे हात वर गेले.

लायसन आलं, साडीची जाळी बसवली, हात धरायला कडी बसवली. गाडी पुसून अंगणात उभी राहायची आणि मी एकटाच बाजारात जाऊन यायचो. परत येईपर्यंत चहा तयार असायचा. मी सत्यभामेला "बस" म्हणालो नाही. एकोणीस वर्षं झाली होती, आणि सांगून उत्तर 'न्हाई' आलं असतं तर मला पुन्हा विचारायचा धीर झाला नसता.

श्रावण लागला तरी आभाळ कोरडंच होतं. एका सोमवारी सकाळी सत्यभामा पिशवी घेऊन बाहेर आली आणि गाडीपाशी उभी राहिली. धर्मापुरीच्या केदारेश्वराला ती दर श्रावणात जाते, एसटीने.

"आज एसटीला लई गर्दी आसंल," ती रस्त्याकडे बघत म्हणाली.

मी चपला शोधू लागलो. चपला माझ्या पायातच होत्या.

जाताना आम्ही कुठल्या रस्त्याने गेलो, ते मला नीट आठवत नाही. दर दोन मिनिटांनी मी डोकं मागे वळवून बघत होतो. शेवटी तिने पाठीवर बोट टोचलं आणि म्हणाली, "पुढं बगा. मी हाय." देवदर्शन झालं, भावाकडे जेवण झालं. तिच्या वहिनीने गाडीचं कौतुक केलं. मला घास गोड लागला नाही, कारण परतीच्या वाटेवर तो ओढा होता.

त्या ओढ्यावरच्या पुलाचा नारळ आजवर तीनदा फुटलाय. पूल अजून यायचाय. पाण्याचा थेंब नव्हता, नुसती वाळू. पण वाळूत दोघांना घेऊन एवढी जड गाडी जात नाही. मी थांबलो. सत्यभामा उतरली. मी गाडी रेटत पलीकडे नेली, लगेच बंद केली, स्टँडवर लावली आणि तोंड मागे करून उभा राहिलो.

ती आलीच नाही. ती उतरली त्याच काठी एक दगड होता, त्यावर बसली. तोच दगड.

"काय झालं?" मी ओरडलो.

"त्या दिशी अकरा किलोमीटर जायाला किती येळ लागलता?"

"वीस मिनिटं असतील."

"आन् माघारी यायला?"

"बारा. जोरात आलो होतो."

"मंग बसा बत्तीस मिंटं."

मी बसलो. इकडे मी, तिकडे ती, मध्ये कोरडा ओढा. वरून शेरडं घेऊन एक माणूस आला, गाडीकडे बघून थांबला. "बंद पडली का, काका?"

"नाही."

"पेट्रोल?"

"आहे."

त्याने पलीकडे सत्यभामेकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं, आणि काहीतरी समजल्यासारखी मान हलवून शेरडं हाकत निघून गेला. ऊन डोक्यावर होतं. ती काय बघत बसली असेल त्या दिवशी, असा विचार माझ्या मनात एकोणीस वर्षांत पहिल्यांदा आला. वाळू, बाभळी, आणि मी गेलो तो रस्ता. एवढंच दिसतं तिथून.

दहाएक मिनिटं झाली असतील. "गाडी चालू करा," तिने हाक मारली.

मी चालू केली. धडधड ओढ्यात घुमली. ती ऐकत राहिली. मग उठली, वाळूतून सावकाश चालत आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली.

"त्या दिशी आवाज त्या टेकाडामागं गेला आन् बंद झाला," ती म्हणाली. "मी कान देऊन बसले. लई येळ कायच न्हाई. मंग आवाज आला. तुमी दिसायच्या आदी आला. तवा मला इतकं बरं वाटलतं, इतकं बरं वाटलतं. तुमाला सांगितलं न्हाई. राग आलता ना."

मी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि हँडलला अडकवली. ती मागे बसली. तिने कडी धरली नाही, माझा खांदा धरला.

"बत्तीस मिनिटं झाली नाहीत अजून," मी म्हणालो.

"ऊन लई हाय. चला."

मी निघालो. तोंडातून शब्द काढायचा नाही असं ठरवलं होतं. कान मागे, लक्ष खांद्यावर. एक किलोमीटर गेलं, दोन गेले.

"कावून गप्प?" ती कानाशी येऊन ओरडली, कारण गाडीच्या आवाजात दुसरा इलाज नव्हता.

"तू आहेस का ते बघतोय."

"हाय की. त्या उसाचं काय म्हनत होता तुमी? त्या दिशीचं ऐकायचं ऱ्हाऊन गेलं."

मी सांगायला सुरुवात केली. उतारा, फुटवे, तुरा, सगळं. ती जात आता शेतातून गेलीसुद्धा, तिच्या जागी दुसऱ्या दोन येऊन गेल्या. तरी मी पहिल्यापासून सांगितलं. मध्ये दोनदा विचारलं, "बरोबर ना?"

दोन्ही वेळा मागून उत्तर आलं, "न्हाई."